स्क्वीकला मराठीत काय म्हणाल? (दार, बूट, उंदीर आणि एक रबरी बदक)

कॅप्शनवाली | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय.

मी अंधेरीला एका छोट्या स्टुडिओत काम करते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर संवाद येतात, आणि संवादांच्या मध्येमध्ये चौकटी कंसात आवाज येतात, ते मराठीत लिहायचं काम. संवादांचं काही वाटत नाही. आवाजापाशी गाडी अडते. 'पाऊस कोसळतो', 'फोन वाजतो' इथपर्यंत ठीक. पण आत्ता हातात असलेल्या मालिकेच्या एकाच भागात इंग्रजीत चार वेळा 'स्क्वीक' आलंय. जुन्या बंगल्याचं दार उघडतं तेव्हा, हॉस्पिटलच्या चकचकीत फरशीवरून नर्स चालते तेव्हा, अडगळीच्या खोलीत उंदीर दिसतो तेव्हा आणि बाळाला आंघोळ घालताना रबरी बदक दाबलं जातं तेव्हा.

वरून हुकूम असा की शब्दसूचीत एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द हवा. मी निमूटपणे चारही ठिकाणी 'करकर' लिहून टाकलं. मग भाग लावून पाहिला. बाळाच्या टबात बदक करकरतंय. शेजारच्या खुर्चीवरचा एडिटर खुर्चीतून पडायचा बाकी होता. (ती खुर्चीही करकरते, पण तो वेगळा विषय.)

तर प्रश्न दोन. हा स्क्वीक मुळात आला कुठून? आणि तुमच्या घरात या चारही आवाजांना काय म्हणतात? पुस्तकी नको, तोंडातलं सांगा.

---

शब्दखोर | सोमवार, रात्री ११:४२

उगम सांगायला सोपा आहे आणि म्हणूनच जरा निराशा करणारा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, मध्ययुगीन इंग्रजीत तो दिसायला लागतो. जुन्या स्वीडिशमध्ये त्याच्यासारखाच एक शब्द आहे, त्याचा अर्थ चिरकणं, बेडकासारखं डरावणं. पण दोघांच्याही मागे खणत गेलात तर धातूबितू काही हाती लागत नाही, फक्त आवाज सापडतो. कुणीतरी नक्कल केली आणि ती टिकली. 'स्क्वील' त्याच्याही थोडा आधीचा, साधारण १३००च्या सुमाराचा. त्याचा सोयरा जुन्या नॉर्स भाषेत सापडतो, तिथे अर्थ 'ओरडणं'.

खरी गंमत 'क्रीक'ची. आज क्रीक म्हटलं की गंजलेली बिजागरी आठवते. पण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शब्द कावळे, हंस यांच्या घोगऱ्या ओरडण्यासाठी होता. बिजागरीकडे तो आला सोळाव्या शतकाच्या शेवटाला. म्हणजे आधी पक्षी करकरायचे आणि दारं मागून करकरायला लागली. तेव्हा तुमचं करकरणारं बदक इतिहासाला अगदीच सोडून नाही.

---

कॅप्शनवाली | सोमवार, रात्री ११:५०

शब्दखोरकाका, हे मी उद्या तस्संच्या तस्सं मीटिंगमध्ये सांगणार आहे. 'सर, चौदाव्या शतकाच्या हिशेबाने बरोबर आहे.'

---

खवट_खोबरं | मंगळवार, सकाळी ७:०५

बिजागरीत दोन थेंब तेल घाला. आवाज गेला, प्रश्न मिटला, धागा बंद.

---

चाळकरी | मंगळवार, सकाळी ९:३०

आमच्याकडे दार 'कुरकुरतं'. करकर वेगळी. करकर म्हणजे नवं चामडं, दात खाणं, वाळू दाताखाली येणं. लाकूड कुरकुरतं. पाळणा, पलंग, झोपाळा, जिना सगळं कुरकुर.

जिन्यावरून आठवलं. गिरगावातल्या आमच्या चाळीत लाकडी जिना होता, मधोमध झिजून पायऱ्यांच्या वाट्या झालेल्या. आमचं बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. रात्रीचा शेवटचा खेळ बघून यायचं तर कुठली पायरी टाळायची हे पाठ असायला लागे. पहिल्या मजल्यापर्यंत सगळ्या मुक्या. मग चौथी कुरकुरायची, सातवी भिंतीच्या कडेला पाय ठेवला तर गप्प, मध्ये ठेवला तर आख्खा मजला जागा. आणि सर्वांत वरची काहीही करा, बोलायचीच. तिच्यासमोरच आजोबांची खाट. ते कुशीवर न वळता विचारायचे, "कितवी रे?" म्हणजे किती वाजले नव्हे, कितवी पायरी वाजली! मी चौथी चुकवली की त्यांना ते कळायचं आणि त्याचं कौतुकही असायचं.

त्या पायरीला कुणी कधी खिळा मारला नाही. चोर आला तर कळेल म्हणून.

---

शब्दखोर | मंगळवार, सकाळी १०:१५

चाळकरी, तुमच्या आजोबांची कल्पना जपान्यांनी सरदारी थाटात वापरली असं सांगतात. क्योतोच्या निजो किल्ल्यात, म्हणजे शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) वाड्यात, मार्गिकांतल्या लाकडी फळ्या चालताना चिवचिवतात, त्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या नावावरून ओळखल्या जातात. फळ्यांखालच्या लोखंडी पट्ट्या आणि खिळे एकमेकांवर घासतात आणि आवाज होतो.

---

खवट_खोबरं | मंगळवार, सकाळी १०:२०

म्हणजे गिरगावात सगळेच शोगुन.

---

कोल्हापूरची_मुंबईकर | मंगळवार, दुपारी १२:४८

करकरचा मान पायताणाचा. आमचे आबा कोल्हापुरी वहाण घेताना आधी दुकानातच चार पावलं चालून बघायचे. आवाज आला नाही तर घेत नसत. दुकानदाराला विचारायचे, "विंचू घातलाय का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून मागे सरकले होते. चामड्याच्या थरांमध्ये आवाजासाठी जे बसवतात त्याला विंचू म्हणतात. मग ती कर्र कर्र कर्र अशी बोलत जाते. दादरच्या लोकलमध्ये आबा चढले की गर्दीतही आपोआप वाट होई, असं ते सांगत. (वाट होत नसे. पण सांगत.)

सांगायचं काय, आवाज हा नेहमी बिघाड नसतो. कधीकधी त्याचेच पैसे मोजलेले असतात. इंग्रजीत बुटाचा स्क्वीक म्हणजे लाज. आमच्याकडे करकर म्हणजे रुबाब. तुमच्या नर्सबाईंना करकर देऊ नका, त्या पाटील वाटतील.

---

कॅप्शनवाली | मंगळवार, दुपारी १:३०

हहपुवा (हसून हसून पुरती वाट)! नर्स पाटील!

पण यावरून मला वाटायला लागलंय की इंग्रजीत एकच शब्द सगळीकडे चालतो आणि आपल्याकडे वस्तूगणिक वेगळा. चामडं करकर, लाकूड कुरकुर, उंदीर चूंचूं, पिल्लू कुईंकुईं. आपण आवाजाला नाही, वस्तूला नाव देतो.

---

शब्दखोर | मंगळवार, दुपारी २:१०

तसं म्हणू नका, टाळ्या मिळतील पण खरं नाही. इंग्रजीतही लाकडाला क्रीक, ब्रेकला स्क्वील, घुबडाला स्क्रीच, पोपटाला स्क्वॉक आहेच. 'स्क्व'ने सुरू होणारे शब्द एकत्र ठेवून पाहा, सगळे एकाच आळीत राहणारे. तुमच्या मूळ लेखकानेच आळस केला आणि चारही ठिकाणी एक शब्द टाकला. दोष त्याचा, इंग्रजीचा नाही.

---

निरुक्ती | मंगळवार, रात्री ९:२२

दिवसभर वाचत होते, आत्ता शाळेचे पेपर तपासून मोकळी झाले.

शाळेच्या व्याकरणात हे 'अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द' म्हणून दोन मार्कांना येतात. किलबिल, कडकडाट, गुणगुण. मुलं पाठ करतात आणि विसरतात. पण हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. शब्दांची मुळं शोधणाऱ्या यास्कांच्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात 'काक इति शब्दानुकृतिः' असं आहे. कावळ्याचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, असं यास्क म्हणतात. लगेच पुढे औपमन्यव नावाच्या आचार्यांचं मत दिलंय की अशी नक्कल वगैरे काही नसते. मग काक कशावरून? तर ज्याला हाकलून लावायचं तो काक! ज्याने कुणी गच्चीवर पापड वाळत घातलेत त्याला औपमन्यव पटतील.

आता तुझ्या प्रश्नाकडे. मराठीची खासियत वस्तूत शोधू नकोस, आवाज किती वेळ चालला यात शोध. एकदाच झाला तर आपण 'कन' लावतो. कर्रकन दार उघडलं, टुणकन उडी मारली, खाडकन कानाखाली. चालू राहिला तर शब्द दोनदा म्हणतो. दार करकरत होतं, कुलूप खडखडत होतं. आणि खूप झाला, चहूकडून झाला की 'आट'. चिवचिवाट, खळखळाट, कलकलाट. खिशात मात्र काहीच नसलं की खडखडाट, ही भाषेची चेष्टा. इंग्रजीतला स्क्वीक एकदा झाला की दहादा, हे शब्दावरून कळत नाही, पुढे-मागे काहीतरी जोडावं लागतं. आपल्याकडे शब्दाच्या घडणीतच ते असतं.

---

वंगण | मंगळवार, रात्री १०:०५

निरुक्तीताईंनी 'चालू राहिला तर दोनदा' म्हटलं आणि मी ताडकन उठून बसलो (कन!). कारण यंत्रशास्त्रात नेमकं तेच शिकवतात.

दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून सरकवले की ते सलग सरकत नाहीत. आधी धरून बसतात. ताण साचतो. ताण वरचढ झाला की झटक्यात सुटतात, आणि सुटले की पुन्हा धरतात. अडकणं, सुटणं, अडकणं, सुटणं. स्थिर घर्षण चालत्या घर्षणापेक्षा जास्त असतं म्हणून हे होतं. बिजागरी, बुटाचा रबरी तळ, ब्रेक, फळ्यावरचा खडू, सगळ्यांच्या मुळाशी हेच.

घरी करून बघा. कुरकुरणारं दार अगदी हळू, मुंगीच्या वेगाने उघडा. कट्... कट्... कट्... असे सुटे ठोके ऐकू येतील. थोडा वेग वाढवा, ठोके जवळ येऊन 'कर्रर्र' होतं. अजून वाढवा आणि दार साथ देणारं असेल तर ठोके इतके दाटतात की कानाला मोजताच येत नाहीत, उरतो फक्त एक सूर, 'कीं'. सेकंदाला शेकडो वेळा अडकणं-सुटणं झालं की ते स्वर म्हणूनच ऐकू येतं.

लोकलवाल्यांना याचं उदाहरण रोजचंच. सँडहर्स्ट रोडवरून डॉकयार्डकडे हार्बरची गाडी वळते तेव्हा जो कान किटवणारा आवाज येतो, तो रुळावर चाक वळणात आडवं घसरताना होतो. डब्याखालचे पुढचे-मागचे आख एकमेकांना समांतर पक्के बांधलेले, त्यामुळे वळणात चाकाचं तोंड एकीकडे आणि रूळ दुसरीकडे. मग ओढाताण होते आणि चाक घंटेसारखं वाजतं.

---

टीटीकर | मंगळवार, रात्री ११:१५

वंगणराव, ट्राम ऐकली असतीत तर हार्बर विसरला असता. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा, ३१ मार्च १९६४ला, मुंबईतली शेवटची ट्राम धावली. दादर टीटीतला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता नातवंडांना सांगावं लागतं. वळणावर ती जी किंचाळायची! आई म्हणायची, "आली बघ कैदाशीण." दुपारी झोपलेलं तान्हं बाळ त्या आवाजाने कधी उठलं नाही, पण ट्राम बंद झाली त्या आठवड्यात माझी धाकटी बहीण दुपारची झोपेचना.

---

राळ | बुधवार, सकाळी ८:००

व्हायोलिन शिकवते. वंगण यांनी जे 'अडकणं-सुटणं' लिहिलंय ते माझं पोट आहे. गजाचे केस तारेला धरतात, ओढतात, तार सुटते, परत धरतात. म्हणून तर गजाला राळ घासायची, घर्षण वाढवायला. तुम्ही दाराला तेल घालता, आम्ही उलटं करतो. नवीन विद्यार्थी गज फार दाबतो आणि फार हळू ओढतो, तेव्हा सूर येत नाही, 'कर्रर्र' येतं. ठोके मोजता येतील असं. पालक दाराबाहेर कानात बोटं घालून बसलेले असतात. दोन वर्षांनी तोच मुलगा यमन वाजवतो. फरक फक्त दाब आणि वेग यांच्या तोलाचा.

---

वंगण | बुधवार, सकाळी ८:४०

राळताई, 'कर्रर्र' आणि सूर हा फरक तुम्ही लिहिलात आणि मला रात्रभर जे वळवळत होतं ते सापडलं.

'र' बघा. र्र म्हणताना जीभ टाळूशी थडथडते, ठोक्यांवर ठोके. करकर, कुरकुर, कर्र, किर्र, घरघर, खरखर. जिथे आवाजातले दाणे कानाला जाणवतात तिथे मराठी र घालते. आणि जिथे दाणे विरघळून नुसता सूर उरतो तिथे र नाही. चूं, चीं, पीं, कुईं. नुसता स्वर आणि वर अनुस्वार. तुमच्या चार स्क्वीकपैकी दारात दाणे आहेत. उंदीर, बूट, बदक यांत नाहीत.

---

निरुक्ती | बुधवार, दुपारी ४:५०

सुट्टी झाल्या झाल्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. विज्ञानाच्या बाई खूश, मी साशंक. 'सरसर' साप जातो, 'झरझर' लिहितो, 'भरभर' चालतो, यांत र आहे. दाणे कुठे आहेत? आणि 'टकटक', 'खडखड' मध्ये दाणेच दाणे, पण र नाही. नियम करायची घाई नको.

---

वंगण | बुधवार, संध्याकाळी ६:३०

मान्य, उलट बाजूने नियम टिकत नाही. र आला म्हणजे दाणे असतीलच असं नाही. पण घासण्याचा आवाज असेल आणि दाणे असतील तर र चुकत नाही, एवढं म्हणतो. टकटक-खडखड हे आपटण्याचे, तिथे दाणे मोठे, एकेक वेगळा मोजता येतो. तिथे ट, ड, ठ येतात. बारीक दाण्यांना र.

---

निरुक्ती | बुधवार, संध्याकाळी ६:३४

'घासण्याचा असेल तर' ही अट घातलीत म्हणून पास. काठावर.

---

किर्र_रान | बुधवार, रात्री १०:२०

येऊरला जाऊन किडे-पाखरं बघणारी माणसं आहोत आम्ही, तर आमचाही एक दाणा.

रातकिड्याचा आवाज तोंडातून येत नाही. नराच्या एका पंखाखाली कानशीसारखी दातेरी शीर असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावरून घासली की आवाज. शब्दशः दाणे, एकेका दात्याचा. सूर उंच आणि दाणे भरपूर. मराठीने काय शब्द केला? 'किर्र'. उंचीसाठी इ, दाण्यांसाठी र्र. वंगण, घ्या तुमचा पुरावा. (सिकाडा नावाच्या किड्याचं वेगळं, त्याच्या पोटाच्या बाजूला पडदे असतात आणि ते आतबाहेर लचकतात. दुपारी रान कानठळ्या बसवतं ते तो.)

पण मला त्याहून भारी वाटतं ते पुढचं. 'किर्र' आवाज होता, तो रानाला चिकटला, किर्र रान. मग रात्रीला चिकटला, किर्र रात्र. मग अंधारालाच. किर्र अंधार! कानाचा शब्द डोळ्याला लागला. संजय गांधी उद्यानाच्या कडेला सोसायट्यांत राहणाऱ्यांना विचारा, लाईट गेले की आधी पंखा थांबतो, मग किर्र ऐकू येतं, मग अंधार दिसतो.

---

कॅप्शनवाली | बुधवार, रात्री १०:४५

किर्र_रान, हे फार सुंदर आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लिहिताना हेच तर हवं असतं. 'किर्र अंधार' लिहिलं की आवाज आपोआप आत येतो.

---

ओपीडी | गुरुवार, दुपारी ३:१५

दवाखान्यातून. आमच्याकडे लॅटिनचा भरणा. श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज आला तर 'स्ट्रायडर', लॅटिनमध्ये चिरकण्याला जो शब्द होता त्यावरून. रातकिड्याच्या घासण्यालाही इंग्रजीत त्याच मुळावरून शब्द आहे. सांधा वाजला की 'क्रेपिटस', तोही खडखडण्यावरूनच. पण पेशंट लॅटिन बोलत नाहीत. परळच्या एका मावशींनी दम्याचं वर्णन केलं होतं, "डाक्टर, छातीत बारीक पिपाणी वाजते, आणि जिना चढले की घरघर." पिपाणीत र नाही, घरघरमध्ये आहे! पिपाणी म्हणजे अरुंद झालेल्या नळ्यांतला सूर, घरघर म्हणजे कफाचे बुडबुडे, दाणे. स्टेथोस्कोप लावायच्या आधी निदान निम्मं झालेलं.

गुडघ्यांबद्दल मात्र सगळे म्हणतात, 'कुरकुर करतात'. आवाज की तक्रार, ते विचारावं लागतं.

---

चाळकरी | गुरुवार, दुपारी ३:४०

कुरकुर, किरकिर, कुरबुर, पिरपिर. घर्षणाचे सगळे शब्द आपण शेवटी माणसांना लावले. घरातही अडकणं-सुटणंच चालू असतं म्हणा.

---

शब्दखोर | गुरुवार, संध्याकाळी ५:२५

इंग्रजीही त्याच वाटेने गेली. 'स्क्वील करणं' म्हणजे साथीदाराचं नाव पोलिसांना सांगणं, आपल्याकडचं पोपटासारखं बोलणं. 'पिपस्क्वीक' म्हणजे फुटकळ माणूस. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या एका छोट्या तोफगोळ्यालाही सैनिकांनी तेच नाव दिलं होतं. जेमतेम सुटलो तर 'नॅरो स्क्वीक'. आणि 'स्क्वीकी क्लीन' म्हणजे केस धुतल्यावर बोटं फिरवली की चुईं वाजावेत इतके स्वच्छ, तेलाचा अंश नाही. वंगण गेलं म्हणून घर्षण वाढलं.

कोबी आणि उरलंसुरलं तव्यावर परतायच्या एका ब्रिटिश पदार्थाचं नाव 'बबल अँड स्क्वीक'. तव्यावर जो आवाज होतो तोच नाव. आपण फोडणीचा 'चर्र' पदार्थाला दिला नाही. तो थेट काळजाला दिला. काळजात चर्र झालं.

---

कोल्हापूरची_मुंबईकर | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

चर्र मध्येही र. पाण्याचे थेंब तेलात तडतडतात, दाणेच. आता मला सगळीकडे दाणेच दिसायला लागलेत, आज पोहेही दाणे मोजत खाल्ले.

---

निरुक्ती | गुरुवार, रात्री ९:००

खडूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. वर्गात फळ्यावर कींऽऽ झालं की पन्नास मुलं एकदम दात शिवशिवल्यासारखी तोंडं करतात. उपाय आम्हा शिक्षकांना परंपरेने माहीत असतो, खडू मोडून अर्धा करायचा. लांब खडू धरलेल्या जागेपासून थरथरतो, आखूड केला की थरथरायला जागा राहत नाही. वंगणना विचारल्यावर कारण कळलं, सवय आधीची.

१९८६ साली अमेरिकेत तिघा संशोधकांनी या नकोशा आवाजाचा अभ्यास केला होता. फळ्यावर काहीतरी ओरबाडल्याचा आवाज घेऊन त्यातले सगळ्यांत उंच सूर काढून टाकले, तरी ऐकणाऱ्यांना तो तितकाच नकोसा वाटला. घात करत होते ते मधले सूर. वीस वर्षांनी, २००६ला, त्यांना इग नोबेल (नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं बक्षीस) मिळालं. 'उंच म्हणून नको वाटतं' ही माझी समजूत तेव्हा गेली.

---

खवट_खोबरं | गुरुवार, रात्री ९:१२

चार दिवसांत एका दाराचं तुम्ही नोबेलपर्यंत नेलंत. तेल अजून कुणी घातलेलं नाही.

---

कॅप्शनवाली | शनिवार, सकाळी १०:३०

काम पाठवलं. हिशेब द्यायला आले.

उंदराला 'चूं' दिलं. एकदाच, कारण तो एकदाच आवाज करून पळतो. पुढच्या दृश्यात नोकर साहेबांसमोर गप्प बसतो तिथे संवादात 'हूं की चूं केलं नाही' असं आपसूक लिहिलं गेलं. बदकाला 'पीं पीं'. माझ्या भाच्याचे वाजणारे बूट आठवले, त्यांना आमच्या घरी पींपीं बूटच म्हणतात.

नर्सच्या बुटांनी दोन दिवस खाल्ले. काही सुचेना. काल दुपारी पाऊस झोडपत होता, स्टेशनपासून स्टुडिओपर्यंत भिजत गेले आणि लॉबीतल्या फरशीवर माझेच रबरी फ्लोटर्स बोलायला लागले. सिक्युरिटीचे काका बघत होते म्हणून आधी लाजले, मग मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. चुईक, चुईक, मध्येच एखादं पचक. र कुठेही नाही. तिसऱ्या फेरीला काका म्हणाले, "मॅडम, काही हरवलंय का?" तेच लिहिलं, [बुटांची चुईक-चुईक]. पचक काढून टाकलं, हॉस्पिटलची फरशी कोरडी होती.

वरून फोन आला, एका शब्दासमोर चार नोंदी का? मी म्हटलं, र ऐकू येतो का ते बघून ठरवलंय. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "ठेव. पण शब्दसूचीत कंसात कारण लिही." लिहिलंय. कोण नवीन येईल तिला उपयोगी पडेल.

---

निरुक्ती | शनिवार, सकाळी १०:५५

शाब्बास. आणि दाराचं काय केलंस? करकर की कुरकुर? इथे दोन पक्ष आहेत.

---

कॅप्शनवाली | शनिवार, सकाळी ११:०२

दोन्ही नाही. 'कर्रकन'. ते दार त्या भागात एकदाच उघडतं, आत गेलेला माणूस काही परत येत नाही.